खंदक आपला आपला पुढं सरकते

३ एप्रिल

आणि भाऊ म्हणते तसा मी काही पळपुट्या नाही. वीटभट्टी सोडली कारण मुकादम आईवरून शिव्या देत होता. हैदराबादचं हॉटेल सोडलं कारण तिथं भट्टीच्या बाजूलेच झोपा लागे. ऊस तर शेवटच्या गाडीपर्यंत तोडला, ते नाही सांगत कोणाले. तांड्यात सगळ्यांसमोर नेमसिंगभाऊ म्हणे, आमचा देवसिंग एका जागी महिनाभर टिकला तर मी मिशी काढतो. ठेव वस्तरा घासून. म्हणूनच ही वही घेतली. रोज तारीख टाकून लिहीन आणि महिना भरला का तुझ्या हातात देईन. सातवीपर्यंत शिकलो, तेवढं येते मले.

पुसदहून सकाळी निघालो तो पांढरकवड्याले दुपारी पोचलो. मंग हायवेवरून ऑटो, मंग जंगलाकडं तीन-चार किलोमीटर पायी. पण जागा पाहून जीव थंड झाला. नवे तंबू, गार पाण्याच्या कॅना, डाळभात पोटभर. मालक भगवानराव सर, शाळेत इतिहास शिकवत होते, आता रिटायर. पाच एकरात रोमन छावणी बांधून राह्यले, सहलीची पोरं पाहाले येतील म्हणे. रोमन कोण ते आम्हाले कोणालेच माहीत नव्हतं. सर म्हणे, दोन हजार वर्षांमागचे लोक, एका लहानशा गावापासून सुरू झाले आणि सरकत सरकत तीन समुद्र घेतले. वणीचा बंटी माझ्या बाजूलेच बसलता. तो म्हणे, आमचा शेजारीही रोमनच दिसते, दरसाली नांगराच्या एका तासाएवढा आमचा धुरा, वावराची हद्द, कोरते. सर सोडून सगळे हसले.

मंग सरांनी सगळ्यांच्या फोनात पाच-पाच हजार उचल टाकली. सही नाही, कागद नाही. एकेकाचा हात हातात घेऊन म्हणे, आता तुम्ही आमचे. मी लगेच तीन हजार घरी याडीले, आईले पाठवले. भाऊले एक रुपया नाही.

५ एप्रिल

आम्ही आठ जण एकाच तंबूत, बाकीचे तंबू रिकामे. रोमन आठच ठेवत, म्हणून आम्हीही आठ. काम खंदकाचं. कंबरभर खोल खोदायचा, माती आतल्या बाजूले टाकून बांध घालायचा, बांधावर टोकदार मेखा ठोकायच्या. काळी जमीन उन्हानं दगड झाली, टिकाव मारला का हातालेच झटका बसते. माझ्या फावड्याचा एक कोपरा पहिल्याच दिवशी तुटला, दुसरं मागतलं तर मिळालं नाही.

जेवण झालं का सर शिकवते. ती फौज रोज संध्याकाळी थांबली का आधी खंदक खोदे, मंग भाकरी. तलवारीपेक्षा कुदळीनं जास्त देश जिंकले म्हणे. सडक काढली तर सरळ, मधात डोंगर आला तरी. आणि जिंकलेला माणूस मारायचा नाही. त्याले पगार द्यायचा, आणि पुढच्या हद्दीवर बाहेर तोंड करून उभा करायचा. पंचवीस वर्षं उभा राह्यला का तो आपलाच. मले हे ऐकून बरं नाही वाटलं, पण सर सांगते छान.

८ एप्रिल

डोकं फिरलं माझं. काल सांजेले पश्चिमेची बाजू पूर्ण केली, मेखा सुद्धा. आज सकाळी पाह्यतो तर खंदक चाळीस पावलं पुढं! जुना बुजवलेला, त्याच्यावर साधी चप्पल उमटावी एवढीही खूण नाही. कोणी केलं? केलं तर आम्हाले कायले राबवता? सरांले विचारलं तर म्हणे, काम चांगलं चालू आहे. बंटी म्हणे, तुले ऊन लागलं, कांदा ठेव खिशात. उरलेले सहा तर मान वर करून पाहातही नाही. तळहाताची साल निघाली, आणि बोंबलायचं कोणापाशी.

१० एप्रिल

बाजूच्या वावराचा मालक उकंडा आज आला. आला तो शिव्या देतच आला. मास्तर हो, पोरांले शाळेत हेच शिकवलं काय, माह्या बापाचा धुरा खाऊन टाकला तुम्ही! उभ्या पऱ्हाटीतून, कपाशीतून खंदक गेलता त्याच्या. मले तर आनंदच झाला, बोलणारं कोणी भेटलं. त्यानं सोबत दोर आणलता, बापाच्या वेळचा, गाठी मारलेला. तीनदा मोजलं, मी दुसरं टोक धरलं. तीनही वेळा माप बरोबर आलं. त्याचं वावर पूर्ण, आमचंही पूर्ण, आणि मधात खंदक. त्यानं दोर जमिनीवर आपटला. म्हणे, हा दोर खोटा नाही बोलत, मंग माह्ये डोळे फुटले काय?

सरांनी पऱ्हाटीचे म्हणून हजार रुपये त्याच्या हातात दिले, आणि हात तसाच धरून ठेवला. उकंडानं कुरकुर करत नोटा खिशात घातल्या.

११ एप्रिल

उकंडा आज आमच्यासंगं खोदून राह्यला. मी म्हटलं, काका, तुम्ही काहून? म्हणे, मी इथलाच.

दुपारी त्याची बायको इंदूबाई डबा घेऊन आली. खंदकाच्या पलीकडं उभी राहून हाका मारत होती, आधी रागानं, मंग रडून. हा बांधावर मेख आडवी धरून, तिच्याकडं तोंड करून उभा. ओळखत नव्हता असंही नाही. नाव घेऊन म्हणे, इंदू, इकडं येऊ नको, हद्द आहे. ऊन उतरेपर्यंत ती उभी होती. डबा तिथंच ठेवून गेली. कोणी उचलला नाही.

१४ एप्रिल

निघालो. मिशी राहू दे भाऊची. सामान तंबूतच ठेवलं, वही आणि फोन घेऊन हायवेकडं चाललो. सकाळी गावातून जयंतीचा डीजे ऐकू येत होता, त्या आवाजाच्या दिशेनं. एक घंटा चाललो, मंग दुसरा. आधी इथं पाच एकर होतं. मंग खंदक आला, ताजा, माती ओली. उतरलो तर भिंतीवर फावड्याच्या खुणा. प्रत्येक खुणेचा एक कोपरा तुटका.

माझं फावडं. मीच खोदलं. कधी? तळहाताची साल काही दिवसाच्या कामानंच निघाली नव्हती.

खंदक चढून पलीकडं जायचं होतं. पाय उचलून पाह्यला. बाहेर पडतच नाही. आत मात्र कसाही चालते. डीजेचा आवाजही बंद झाला तवा.

१७ एप्रिल

छावणीच्या कोपऱ्यात लाकडी बुरुज आहे, त्याच्यावर रेंज येते. वरून पाह्यलं. आठ सरळ सडका निघाल्या. एक वणीकडं, बंटीच्या गावाकडं. एक पश्चिमेले, पुसदकडं, आमच्या तांड्याकडं. आठ माणसं, आठ सडका. आणि उकंडाच्या वावरात नववी, आखूड.

बंटीले विचारलं, उचलीचे पैसे कुठं पाठवले. घरी, म्हणे. सगळ्यांनीच घरी पाठवले. मुकादमाची उचल खाल्ली का माणूस बांधला जाते, हे तांड्यातलं लेकरूही जाणते. पण मी खाल्ली नाही ना. याडीनं खाल्ली—

बंटीले हे सांगून राह्यलो तर त्यानं मेख घेतली आणि वणीकडं तोंड करून उभा राह्यला.

२० एप्रिल

भाऊचा फोन लागला. म्हटलं, याडीले दिलेले तीन हजार वापस कर. तो हसला. म्हणे, त्याची बकरी घेतली, बकरीचे पाय पकडून आणू काय? मंग म्हणे, तांड्याबाहेर कोणी लोक आले, खंदक खोदून राह्यले. चांगले लोक आहेत, रोख उचल देऊन राह्यले.

म्हटलं, घेऊ नको. जीव तोडून ओरडलो. घेऊ नको!

आता तो हसला नाही. मंग म्हणे, याडी सकाळपासून तांड्याच्या टोकाशी उभी आहे. बाहेर तोंड करून. जेवाले येत नाही. मले म्हणे, नेमसिंग, इकडं येऊ नको. भाऊ म्हणे, तिले दवाखान्यात न्यायचं आहे, पैसे पाठव, नाहीतर त्या लोकांची उचल घेतो. घरात दाणा नाही, आणि तू तिथं रोमन रोमन खेळून राह्यला.

२२ एप्रिल

भाऊनं त्यांची उचल अजून घेतली नाही. विचारलं. शपथ घातली. एकटा तोच राह्यला आमच्यातला.

याडीचं — नाही लिहवत.

त्याले पुसदहून गाडीत बसवा लागते. हैदराबाद, कुठंही, सडक जाईल त्याच्या पुढं. तिकिटापुरते तरी — पण पैसे सरांचे. माझ्या हातानं गेले तरी सरांचेच.

फावडं सकाळीच ओलं होतं—

२३ एप्रिल

उसाचे उरलेले फोनात होते. उचलीच्या आधीचे. ते माझे. पाच हजारातले तीन गेले, दोन राह्यले, त्याच्यावरचे माझे. सर म्हणे, आता तुम्ही आमचे, पण ते पैसे तवा — त्यांच्यावर कोणी हात नाही ठेवला. पण एकाच खात्यात पडून होते. कोणता कोणाचा, कसं—

सर बुरुजाखाली येऊन उभे.

भाऊ, मिशी ठेव. हे घे आणि मागं पाहू नको, याडीनं हाक मारली तरी. दवाखान्याचे नाहीत हे. फक्त तुझ्या तिकिटाचे, घामाचे, उसातले, देवाशपथ माझे — पाठवून राह्यलो — सहाशे चाळीस रुप—