टाक्यांच्या चार बोटं वर

करजगी,
२० फेब्रुवारी २०१२

प्रिय तेजू,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील. घाबरू नकोस, वाईट व्हायचं ते होऊन गेलंय. घरात मी आहे, बारा मेंढरं आहेत, आणि शेजारची बसव्वा भाकरी आणून देते ती मी नावं न ठेवता खातो. तुझी अव्वा असती तर म्हणाली असती, ह्या माणसाला शहाणपण यायला मला मरावं लागलं. तिला जाऊन दोन महिने झाले. दिवस आटोपून तू पुण्याला निघालीस, तेव्हा अफजलपूरच्या स्टँडवर मला विचारलंस, "अप्पा, अव्वा माझ्यामुळंच गेली, न्हाई का?" मी बसच्या पाटीकडं बघत राहिलो. बस सुटली. उत्तर मला ठाऊक होतं.

तो प्रश्न तुझ्या डोक्यात मीच घातला. सहा वर्षांपूर्वी तू अनिलकुमारशी लग्न ठरवल्याचं सांगितलंस, आणि मी अंगणात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, की तुला कापून काढलं तिथंच तुझ्या आईचं पोट फाटलं, आता तिचं काळीजही फाड. तोंड आहे की गिरणी. तू पिशवी उचलून निघालीस. अव्वाच्या पोटावरचा तो हर्नियाचा गोळा तू लहानपणापासून बघत होतीस. जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून ती तो आत दाबायची आणि कामाला लागायची. पंचवीस वर्षं.

दिवाळीनंतर दुखणं वाढलं म्हणून तिला गुलबर्ग्याला नेलं. तिथं पूर्णिमा नावाची तरुण डॉक्टरीण होती, तिच्याकडं सोनोग्राफीचं नवं मशीन आलेलं. हर्नियाचं भोक तर दिसतंच, पण तिला भोकाभोवतीची पोटाची भिंत किती ताठ झालीय ते मोजायचं होतं. भिंत फार ताठ असेल तर ओढून शिवताना टाके तुटतात, नाहीतर पेशंटचा श्वास कोंडतो, असं तिनं मला समजावलं. पडद्यावर ताठ जागा तांबडी दिसते, मऊ जागा निळी. तुझ्या अव्वाचं पोट सगळं तांबडं. पूर्णिमाबाई म्हणाल्या, "अक्का, पोट सैल सोडा, आवळू नका." अव्वा म्हणाली, "लई वर्सं आवळून धरलंय बाई, आता सुटंना झालंय." मग त्यांनी तिला काहीतरी बोलत राहायला सांगितलं. अव्वा तुझ्याबद्दल बोलायला लागली. तू चार वर्षांची असताना मेंढ्याच्या पाठीवर बसून थेट गुरुपादय्याच्या दुकानात शिरली होतीस, ते. बोलता बोलता हसली, तसं मधलं पोट हळूहळू निळं होत गेलं. बाजूचे पट्टे तेवढे तांबडेच राहिले.

आता नीट वाच. पूर्णिमाबाईंनी पडदा माझ्याकडं वळवला आणि बोट ठेवलं. खाली बाळंतपणाच्या टाक्यांची उभी रेघ होती. ती सलग होती, घट्ट होती, कुठं उसवलेली नव्हती. भोक टाक्यांच्या चार बोटं वर होतं, बेंबीच्याही वर. घोंगडीला ठिगळ लावलं तर ठिगळ टिकतं आणि घोंगडी दुसरीकडं फाटते, तसं. त्यांनी विचारलं, "ह्यांनी कधी लई जड उचललं होतं का?" मी पंख्याकडं बघितलं. अव्वानं माझ्याकडं बघितलं. मग ती त्यांना म्हणाली, "न्हाई बाई, ध्यानात न्हाई."

तिच्या ध्यानात होतं. तू चाळीस दिवसांची होतीस. डॉक्टरांनी सहा महिने जड उचलायचं नाही म्हणून बजावलेलं. लोकरीची पोती सोलापूरला न्यायला टेम्पो दारात उभा होता, आणि माझं धाकट्या भावाशी भांडण झालेलं, तो हात लावायला येईना. मी तिला म्हटलं, "धर की एक बाजू, कामून बसलीस? बाया रानात बाळंत होऊन सांजच्याला घरी चालत येतात." तिनं नऊ पोती धरली. दहाव्याला बेंबीच्या वर हात दाबून मटकन खाली बसली. मी बघितलं, तेजू. आणि म्हटलं, टाके दुखत असतील. तेव्हापासून जो विचारील त्याला बाळंतपणाचंच कारण सांगत आलो. तिनं एकदाही मला खोटं पाडलं नाही. मी नीच माणूस आहे, हे लिहायला मला पन्नाशी उलटावी लागली.

बाजूचे स्नायू फार आखडलेत, आधी इंजेक्शनं देऊन ते सैल करू, मग ऑपरेशन, असं गुलबर्ग्यात ठरलं. इंजेक्शनांसाठी सोमवारची तारीख मिळाली. त्याच्या आधीच्या शुक्रवारी सकाळीच तिचं आतडं त्या भोकात अडकलं. जीपमध्ये ती माझा हात धरून होती. दवाखान्याच्या दारात तो हात सुटला.

हे मी कदाचित माझ्याबरोबर मातीत नेलं असतं. पण परवा अनिलकुमारांचा फोन आला. तुला तिसरा महिना लागलाय म्हणाले. आनंदाची बातमी, पण माणूस रडत होता. तू धड जेवत नाहीस, हे लेकरू नको म्हणतेस, मी आईला खाल्लं तसं हे मला खाईल म्हणतेस. म्हणून आज लिहिलं. त्या तपासणीचा कागद सोबत घातलाय, त्यावर पूर्णिमाबाईंनी पेनानं दोन खुणा करून दिल्यात, खालची तुझी, वरची माझी. तो उशाशी ठेव. तुझ्या जन्मानं तिचं काही फाटलं नव्हतं. पोटभर जेव. आणि बाळंत झाल्यावर सहा महिने जड उचलू नकोस. कुणीही सांगितलं तरी उचलू नकोस. मी सांगितलं तरी.

तुझाच, जमलं तर माफ कर,
अप्पा