ओमेनबाईंचा नंबर

४ ऑक्टोबर, सोमवार

आले बाई एकदाची! हानोव्हरहून निघताना आईने तोंड वाकडं केलं होतं, की त्या समुद्रकाठच्या चिखलात तू सहा महिनेही टिकायची नाहीस. पण खोली मिळाली ती दोन खिडक्यांची, घरमालक भला माणूस आहे, आणि इस्पितळ सायकलवर सात मिनिटांवर. गाव इतकं सपाट की सायकलचे गिअर शोभेला. वारा मात्र जाताना तोंडावर आणि येतानाही तोंडावर. हे कसं जमवतात देव जाणे.

काम आवडलं. दहा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून राबल्यावर खुर्चीत बसायला मिळतंय. आमचं कार्यालय तळमजल्यावर आहे, दोन टेबलं, एक फोन, एक फॅक्स, आणि आल्मुतबाई. आल्मुतबाई बावीस वर्षं इथे आहेत. त्यांनी मला सगळं समजावलं. यकृताची वाट पाहणाऱ्यांची यादी आपल्याकडे नसते, ती लांब मुख्य कार्यालयात. आपण फक्त दर आठवड्याला रक्ताचे आकडे कळवायचे. त्यावरून प्रत्येक रोग्याला एक नंबर मिळतो, सहापासून चाळीसपर्यंत. नंबर जितका मोठा तितका माणूस मरणाच्या जवळ, आणि त्यालाच यकृत आधी. आकडे सात दिवस चालतात. दर गुरुवारी साडेअकराच्या आत नवे गेले नाहीत तर रोग्याचा नंबर घसरून जुन्या, लहान आकड्यावर येतो.

मी म्हटलं, मला हेच आवडतं, यादीला डोळे नसतात. आल्मुतबाई हसून म्हणाल्या, यादीला नसतील गं, आपल्याला आहेत ना.

अकराला चहा. या भागात अकराचा चहा म्हणजे देवपूजा. कपात खडीसाखर, वरून चहा, त्यावर साय, ढवळायचं नाही. दार बंद, फोन बाजूला काढून ठेवायचा. तीन कप झाल्याशिवाय उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. पुरे झालं की कपात चमचा ठेवायचा. मला तिसरा कप जड गेला, पण प्यायले.

७ ऑक्टोबर, गुरुवार

तिसऱ्या मजल्यावर जाऊन माणसं पाहून आले. आमच्याकडे सध्या दोघंच वरच्या नंबरांत आहेत, दोघांचा रक्तगट एकच, ओ.

एक आयलर्ट. वय एक्केचाळीस, शेगड्या आणि धुराडी बसवतो. डोळे पिवळेधमक, पण तोंड बंद म्हणून नाही. रस्त्यावर लाकडी गोळे फेकायचा खेळ इथे फार चालतो, त्या संघाचा हा कप्तान, आणि अर्धं इस्पितळ त्याच संघात. आमचे हार्बर्ट्स डॉक्टरसुद्धा. मला म्हणाला, हानोव्हरची माणसं गोळा फेकतात की कोणीतरी फेकावा म्हणून अर्ज करतात?

दुसऱ्या थेडा ओमेन. वय एकसष्ट. एकट्या. तीस वर्षं गाडी चालवण्याची परीक्षा घ्यायच्या आणि सगळ्या गावाला नापास करून बसल्यात. आल्मुतबाईंना तीनदा, डॉक्टरांना दोनदा. वीतभर चाक रेषेवर गेलं की उतरा खाली, मग तो पाद्री असो की पोलीस. भेटायला कोणी येत नाही. माझा कागद पाहिला आणि म्हणाल्या, की तुझं अक्षर घाण आहे, हा सहा आहे की शून्य? सहाचं शून्य झालं तर मी मरेन, तू नाही मरायचीस.

ओमेनबाईंचा नंबर एकतीस. आयलर्टचा अठ्ठावीस.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

आज दोघांचे आकडे वेळेत पाठवले. ओमेनबाई पाठवल्याची पावती बघायला सलाइनची काठी ढकलत खाली आल्या. पावती पाहिली, हातातल्या घड्याळाशी ताडली, आणि मला उणे एक गुण दिला. थट्टा असेल असं वाटलं, पण त्या हसल्या नाहीत.

आल्मुतबाई दिवसभर तेच बोलत होत्या. तो बिचारा, दोन लहान मुली, आणि ही भवानी, जगून कोणाचं भलं करणार आहे? हार्बर्ट्स डॉक्टर दारातून म्हणाले, नियम तो नियम. आणि जाता जाता म्हणाले, दुर्दैवाने. मला कोणी विचारलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघत होते, जणू चावी माझ्या खिशात आहे.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

खरं ते लिहिते. इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू?

आयलर्टचे आकडे नऊलाच पाठवले. ओमेनबाईंचे लॅबमधून यायचे होते. अकराला आल्मुतबाईंनी चहा ओतला. अकरा पाचला दारावर टकटक. बाई स्वतःच कागद घेऊन आल्या होत्या, लॅबवर विश्वास नाही म्हणून. चेहरा ओढलेला, पिवळा पडलेला दिसत होता. आल्मुतबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या कपात दुसरा चहा ओतला.

मी उठले. दारातून म्हटलं, चहा चालू आहे, बाहेर बसा. आणि दार लावलं. मीच लावलं. आल्मुतबाईंनी नाही.

त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. तिसरा कप आला. चमचा ठेवला असता तर अजून पंधरा मिनिटं होती. मी तो हातात धरून बसले. आल्मुतबाई बहिणीच्या कोंबड्यांबद्दल बोलत राहिल्या आणि मी अगदी लक्ष देऊन ऐकलं. अकरा छत्तीसला दार उघडलं आणि कागद घेतला. त्यांनी हातातलं घड्याळ मला दाखवलं आणि शांतपणे म्हणाल्या, की कागद पाठवायला दोन मिनिटं लागतात, तुझ्याकडे पंचवीस होती.

ओमेनबाई एकतीसवरून एकोणीसवर आल्या. बारा दहाला फोन आला. ओ गट, उत्तम यकृत. यादीत पहिला आयलर्ट.

संध्याकाळपर्यंत सगळं इस्पितळ आनंदात. आल्मुतबाईंनी मला केक आणून दिला. मी खाल्ला.

२५ ऑक्टोबर, सोमवार

ओमेनबाई गेल्या. सकाळी अकराला.

कोणी रडलं नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतात, तसं वाटतंय. म्हणजे असं, की हात किती सहज वळला माझा. आयलर्ट आज पहिल्यांदा चार पावलं चालला. ते चांगलं झालं. चांगलंच झालं.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

चहा चालू असताना फॅक्समधून पावतीचा एक कागद आला. ओमेन, थेडा. या आठवड्याचे रक्ताचे आकडे. नंबर तेहतीस. खाली पाठवणाऱ्याची सही माझी, गेशे विल्केन, माझ्याच घाण अक्षरात. वेळ ११:२८.

मी पाठवलेला नाही. लॅबला फोन केला. तिथली पोरगी म्हणाली, की रक्त आलं होतं, चिठ्ठी बरोबर होती, आम्ही तपासलं, मग काय करायचं होतं? मी म्हटलं, अगं ती बाई मेली. ती म्हणाली, मग रक्त कोणी पाठवलं? हे तुमच्याकडेच बघा.

आल्मुतबाईंनी कागद फाडला आणि दुसरा कप ओतला. थोडा चहा बशीत सांडला. मी विचारलं तर म्हणाल्या, वय झालं.

१ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारी नाव यादीतून काढायला मृत्यूचा दाखला पाठवला. आज पाहिलं तर नाव जागेवर. मुख्य कार्यालयात फोन केला. तिथला माणूस फार सभ्य. म्हणाला, की तुमचा दाखला साडेअकराच्या नंतर आला, त्यामुळे धरला नाही. पुन्हा पाठवा, वेळेत. आणि हो, ओमेन यांचे आकडे हल्ली अगदी वेळेवर येतात, त्याबद्दल आभार.

पुन्हा पाठवला. दहाला. पावतीवर वेळ ११:३१ आली.

४ नोव्हेंबर, गुरुवार

नंबर अडतीस.

बाकावर कोणीतरी बसलं होतं. चहा चालू असताना. आल्मुतबाई दाराकडे पाठ करून बसल्या आणि मला म्हणाल्या, तू पण फिर. मी नाही फिरले. पाठ ओळखीची होती. तिसऱ्या कपाला मी चमचा ठेवून दार उघडलं. बाक रिकामा, पण लाकूड गरम होतं. हात लावून पाहिला म्हणून सांगते.

८ नोव्हेंबर, सोमवार

आल्मुतबाई आल्याच नाहीत. बहिणीकडे गेल्यात, बेमुदत रजेवर. फोनवर म्हणाल्या, की दार तू लावलंस गेशे, मी फक्त चहा ओतला. बावीस वर्षं इथे काढलेली बाई आणि हे बोलली.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, की कोणता गुरुवार? मला काही आठवत नाही. आणि तुम्हालाही आठवू नये, नाहीतर हानोव्हरला गाडी रोज असते.

आयलर्ट तेवढा गोड. शुक्रवारी घरी जाणार. मुलींनी दारावर लावायला पाटी रंगवली आहे म्हणे.

१० नोव्हेंबर, बुधवार

चाळीस. याच्या वर नंबर नसतो.

आज बुधवार असूनही कागद आला.

बाक—मी बघत नाही तिकडे.

११ नोव्हेंबर, गुरुवार

११:०२. यकृताचा प्रस्ताव आला. घेणारी: ओमेन, थेडा. देणारा: पुरुष, वय ४१, उंची १८४, गट ओ. ठिकाण: हेच इस्पितळ, तिसरा मजला, खोली बारा. मृत्यूची वेळ: आज, ११:५०.

बारा नंबर आयलर्टची खोली.

वर फोन केला. सिस्टर म्हणाली, सामान बांधतोय, गाणं म्हणतोय, डोकं उठवलंय त्याने. काय काम आहे? मी म्हटलं, काही नाही.

खाली लिहिलंय, अर्ध्या तासात उत्तर द्या. न दिल्यास होकार धरला जाईल. असं कधीच नसतं. नेहमी उलटं असतं.

११:०९. नकार लिहिला. सही करून पाठवला. पावती आली, वेळ बरोबर. बरं वाटलं. अजून माणूस आहे मी.

११:१२. दुसरा प्रस्ताव. घेणारी तीच. देणारी: स्त्री, वय ३४, उंची १६८, गट ओ. ठिकाण: तळमजला, कार्यालय. मृत्यूची वेळ ११:५८.

मी चौतीस. मी एकशे अडुसष्ट.

११:१६. दार उघडत नाही. कडी नाही, कुलूप नाही. ढकललं, लाथ मारली. काचेतून पाठ दिसते. मी ओरडले. वळल्या नाहीत. घड्याळ हातात धरलंय त्यांनी.

११:१९. मुख्य कार्यालय. तोच सभ्य माणूस. हा प्रस्ताव नाकारता येत नाही म्हणाला, दोनदा नकार चालत नाही. पण पहिला नकार अजून परत घेता येईल, साडेअकराच्या आत. फक्त होकार लिहून पाठवा, मग याची गरज उरत नाही. मी म्हटलं, तो जिवंत आहे हो. तो म्हणाला, तुम्हीही आहात, नाही का?

११:२४. दोन मुली. पाटी—

पण ते यकृत तिचंच होतं ना. खरं तर. यादीप्रमाणे. त्याला तीन आठवडे जास्त मिळाले, तेही तिच्या वाटचे. नियमाने बघितलं तर हा न्यायच झाला. मी काही वेगळं करत नाहीये, झालेली चूक दुरुस्त करतेय. कोणीही हेच म्हणेल. डॉक्टरही म्हणतील, नियम तो—

११:२८. पाठवला. होकार.

११:३३. काही नाही. शांत आहे. कदाचित काहीच होणार नाही.

११:४९. वर कोणीतरी पळतंय. घंटा. माझ्या बरोबर डोक्यावर. तिसरा मजला. सिस्टर त्याला नावाने हाका मारतेय, इथपर्यंत ऐकू येतंय

नाही ऐकत मी

११:५१. घंटा थांबली.

आयलर्ट, मला माफ

११:५३. कागद आला. अवयव काढल्यावर निकामी आढळला. कारण: मधल्या काळात दुसऱ्याने वापरलेला. घेणारीला तो स्वीकार्य नाही. पुढचा प्रस्ताव कायम.

कायम म्हणजे

फोन. सभ्य माणूस उचलत नाही. कोणी उचलत नाही

११:५५. दार उघडलं. बाई आत आल्यात. घाई नाही त्यांना. समोरच्या खुर्चीवर बसल्या, आल्मुतबाईंच्या. डोळे पिवळे. मी म्हटलं, मी चुकले, मला माफ करा. त्या म्हणाल्या, चुकलीस कुठे, तू तर ठरवलंस. दोनदा ठरवलंस. आता नियमाने माझा नंबर आहे.

मग वहीकडे बघून म्हणाल्या, हातातलं काम पुरं कर. मध्येच कोणाला उठवायचं नाही, इथली रीतच आहे ती. तुझं लिहून होईपर्यंत मी थांबते.

म्हणून लिहितेय. थांबायचं नाही. लिहितेय. त्या थांबल्यात. काय लिहू, माझं नाव गेशे विल्केन, वय चौतीस, मी लिहितेय, अजून लिहितेय, अक्षर बारीक काढलंय, ओळी जवळजवळ घेतल्यात, हे शेवटचं पान आहे, मागे पुठ्ठा आहे, पुठ्ठ्यावरही लिहीन, त्या घड्याळ बघत नाहीत आता, वहीकडे बघतायत, कोपरा उरलाय, अजून दोन शब्द माव