सगळं शिवणघर जांभया देतंय

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. वाकून केलाय असं समज, वाकलं की जबडा ओढतो. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं? (त्यांना मुक्कामाला पाठवू नकोस, आमच्या भिंती पातळ आहेत.) आता माझं ऐक.

हिरड्यांचं दुखणं उतरलं. रक्त थांबलं, सूज गेली. पण मधे मी सगळं मऊ करून एकाच बाजूने गिळत होते, म्हणून म्हणे जबडा ढिला पडला. ‘म्हणे’ अशासाठी, की हे दातांच्या डॉक्टरने सांगितलं आणि तो माणूस फार गोड हसतो. ज्याचं पोट दुसऱ्याच्या दातांवर चालतं त्याने एवढं हसू नये. त्याने व्यायाम दिलाय. हनुवटीखाली मूठ लावायची, मुठीला न जुमानता तोंड हळूहळू उघडायचं, जरा थांबायचं, मिटायचं. जेवताना दोन्हीकडून चावायचं. मागची एक दाढ हलते, ती सोमवारी बघणार आणि घट्ट झाली नसेल तर काढणार. आपली आई चाळिशीत बोळकी झाली ते तू पाहिलंयस. मला नाही व्हायचं.

घरी वेळ कुठला? म्हणून शिवणघरातच मशीनवर बसल्या बसल्या सुरू केलं. (दातांनी धागा तोडायलाही त्याने बंदी घातलीय. इतकी वर्षं माझे दात हीच माझी कात्री. आता खरी कात्री शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि ती नेमकी शेजारच्या चष्मेवालीच्या मांडीखाली सापडते. योगायोग म्हणायचा?) तर मी आ केला. चष्मेवालीने आ केला. मी मिटलं, तिने मिटलं. म्हटलं, वेडावतेस काय गं? तर म्हणते, "मी कशाला वेडावू बाई, झोप येतेय मेली." सकाळी सकाळी झोप! खिडकीजवळची जागा माझी, म्हणून ती मला पाण्यात पाहते हे मला ठाऊकच होतं. मग काजं करणारी, मग बटणंवाल्या दोघी, मग इस्त्रीवाला. ओळीने सगळे आ! सगळ्यांना फितवलं तिने. शेवटी मास्तर ओरडायला उठले, तर त्यांनी उघडलेलं तोंड उघडंच राहिलं, डोळ्यांत पाणी आलं आणि कापडावरची खडूची रेघ वाकडी गेली. बोलणी कोणी खाल्ली? मी. आता मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. खिडकीत कोण बसतं ते सांगायला नको.

पण व्यायाम सोडला नाही. भिंतीला कुठे जांभई येते! दाढेची मला काळजी नाही. राहिली तर राहिली, गेली तर गेली. मी घाबरणाऱ्यातली नव्हे.

तुझी,
धाकटी

ता. क. सोमवारी ये. दाढ काढायची झाली तर आधी हिरडीत सुई टोचणार आहेत. जन्म सुयांत गेला माझा, पण ती सुई माझ्या हातात असते गं. कोणी विचारलं तर कपड्यांचं माप द्यायला आलीस म्हण. एका हाताने माझा हात धर आणि डोळे डॉक्टरवर ठेव. भलतीच दाढ उपटली तरी तो हसेलच.

आणखी ता. क. व्यायाम करत करतच लिहितेय. हे समोर बसले होते, जांभयांवर जांभया देऊन भरदुपारी आडवे झाले. म्हणजे चष्मेवालीचा हात इथवर पोचला. ताई, खरं सांग, हे वाचताना तूही आ केलास ना? वाटलंच होतं मला. तरीपण सोमवारी ये.