नजर धुराकडेच जाते

प्रिय रुखमाताई,

पुण्याहून तुझ्या भावाचा जयभीम. मी बरा आहे, दोन्ही वेळ जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

डोकं मात्र फिरलंय. कॉलेज सोडल्यावर मला लागलेल्या त्या विजेच्या सिगारेटवर इथे अभ्यास चालतो, त्यात गेलतो. पडद्यावर दोन चित्रं दाखवतात, एक सिगारेटच्या धुराचं, एक दुसरंच काही; नजर आधी कुठे धावते ते मशीन टिपतं. मॅडम म्हणाल्या, "तुमची दर वेळी धुराकडेच. सवय पक्की!"

मी भडकलो, "आम्ही आर्णीचे कापूसवाले! पांढरं दिसलं की त्यात कवडी, म्हणजे डागाळलेला खराब कापूस, शोधतोच."

त्यांनी धुराशेजारी कापसाचा ढीग दाखवला. मेली नजर धुरावरच!

मैत्रेयी म्हणाली होती, सोडशील तरच लग्न. आज रागानं सिगारेट मुठा नदीत फेकली. तिले सांग, सोडली.

नाही, थांब. नजर अजून नदीकडेच जाऊन राह्यली. आताच नको सांगू.

तुझा चिडलेला,
अश्वजित