दोघींचं एकच माप

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

पार्सल पोचलं. इथे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढतात. तुझ्या शिलाईखान्यात नवी यंत्रं आली असं कळलं; आनंद वाटला.

जाकिटाचा रंग चांगला निवडलास. भाजलेल्या विटेचा. लाल रंग सभेत आधीच ओरडतो, मग वक्त्याला ओरडायला काही उरत नाही. पांढरा फार साळसूद. विटेचा रंग आधी ऐकून घेतो आणि मग बोलतो. खांदे सरळ कापलेस, कंबर किंचित आत घेतलीस. कापडालाही मत असतं, हे मी व्यासपीठावरून कधी म्हणणार नाही, पण तुला लिहायला हरकत नाही.

आमच्या सभागृहासमोर तुझ्या कपड्यांचं मोठं चित्र लागलं आहे. त्यात आपली चिमणी उभी आहे. एक हात कमरेवर, एक गुडघा वाकलेला, नजर रस्त्याच्या पलीकडे कुठेतरी. बसची वाट पाहताना मी ते बराच वेळ न्याहाळलं. पोज म्हणजे खोटेपणा, असं मी आजवर मानत आले. पण मुख्य वाक्याआधी मीही थांबते, हनुवटी उचलते, उजवा हात वर नेते. आरशासमोर उभी राहून बसवलेलं आहे ते. फरक एवढाच, की मला त्यानंतर बोलायला मिळतं. चित्रातल्या मुलीला तिथेच थांबावं लागतं.

"बाई म्हणजे हँगर नव्हे" हे माझं वाक्य तुला माहीत आहे. चिमणीने ते पहिल्या रांगेत बसून ऐकलं. टाळ्या पडल्या आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी बॅग भरून तुझ्याकडे निघाली, तेव्हा दारात म्हणाली, "आई, तू सभेशी बोलतेस. माझ्याशी कधी बोललीस?" मी उत्तर दिलं. तेही भाषणच झालं, असं ह्यांचं म्हणणं. हँगरच्या त्या वाक्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही, हे तिला कळवलंस तरी चालेल.

आता जाकिटाचं. ते मला होत नाही. बटणं काजांपर्यंत पोचतच नाहीत. हे म्हणाले, व्याख्यानांबरोबर बाईंचा घेरही वाढला. मला पटलं. तू शिवणीत भरपूर माया सोडतेस, म्हणून अस्तर उसवलं, दोन्ही बाजूंची माया होती तेवढी सोडवली. तरी नाही. मग मागच्या वर्षीचं जाकीट कपाटातून काढलं. ते नेहमीसारखं बसलं, बटणांसकट.

म्हणजे मी आहे तेवढीच आहे.

तुझी पद्धत मला ठाऊक आहे. मला माप द्यायला कधी फुरसत नसते, म्हणून चिमणी उंचीने माझ्याएवढी झाल्यापासून तू माझे कपडे तिच्या अंगावर बेततेस. "दोघींचं एकच माप," असं तोंडात टाचण्या धरून म्हणायचीस, आणि ती हसून हलली की तिला दटावायचीस. याही वेळी तिच्याच अंगावर बेतलंस ना? चुकलीस असं म्हणत नाही. तुझा हात चुकत नाही, हीच अडचण आहे.

चित्रात हे कळलं नाही. फोटोसाठी पाठीमागे चिमटे लावून कपडा आवळतात, हे तूच सांगितलं होतंस. म्हणून तिथे सगळ्याच बारीक दिसतात, असं धरून चालले होते. जाकिटाला चिमटे नाहीत.

ती जेवते का? खरं सांग. वाढलेलं संपवते, की ताट सरकवून "नंतर" म्हणते? कपडा ज्या आकाराचा कापला, त्यात तू मावून दाखव, असं तिला कुणी म्हणालं का? तू म्हणाली नसशील. पण रोज समोर असलेलं माणूस किती आटलं, ते डोळ्यांना दिसत नाही. तुलाही दिसलं नसेल. तुझ्या कात्रीला दिसलं.

स्त्रीच्या शरीरावर मालकी कुणाची, या विषयावर मी कुठेही, कधीही उभी राहून बोलू शकते. आधाराला पुस्तकं तोंडपाठ आहेत. त्यांतलं एकही तुझ्या घरी आणणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येते. सभा होती, ती दुसरीवर सोपवली.

चिमणीला आधी सांगून ठेव. तिला दार लावून घ्यायचं असेल तर घेऊ दे, मी बाहेर बसेन. जेवायच्या वेळी मात्र तिचं पान माझ्याशेजारी मांड. मी आग्रह करणार नाही. नुसती जेवेन.

आई काय बोलणार आहे, असं ती विचारेल. सांग, या वेळी तिने काहीच तयार केलेलं नाही.

तुझी ताई,
आणि तिला चालत असेल तर,
चिमणीची आई