प्रेसचं फाटक

२ मे, शुक्र.
यवतमाळच्या दवाखान्यातून मायाताईले घेऊन आलो. एस.टी.त खिडकीची जागा त्यायले दिली, मधात मी, कडेले सोनूचे पप्पा. बहीणभाऊ फुलसावंगी येईपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. ताईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. डॉक्टर म्हणे जखम छान आहे. छान.
घरी पाणी पिल्या अन् पहिलं विचारलं, "रेखा, त्या दिवशीच्या पासा उचलल्या का?"
वखराच्या पासा, लोखंडी पाती. आमच्या शेडमधल्या पायडलच्या प्रेसवर भोकं पाडता पाडता खाली राहिल्या त्या. मी म्हटलं, हो ताई, उचलल्या.
उचलल्या नाहीत. शेडचं कुलूपच कोणी काढलं नाही.

४ मे
आज कुलूप काढलं. सोनूचे पप्पा एकटेच आत गेले, मले दारात थांब म्हणाले. बादलीभर पाणी मागितलं, मग अजून एक. बाहेर आले तेव्हा बाह्या खांद्यापर्यंत ओल्या.
जेवताना म्हणाले, पेरणी तोंडावर आहे, गिऱ्हाईक थांबत नाही, शोभाले विचारतो. शोभा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली, सुईणबाईची सून. हाताची चपळ आहे.
मी म्हटलं, चपळ तं ताई पण होत्या.
"जाळी लावू नं नंतर."
नंतर म्हणजे केव्हा ते नाही सांगितलं. ताई आतल्या खोलीत होत्या. ऐकलं असेल.

५ मे
शेडच्या फळीवर नागपूरच्या दुकानाचा जाडा कॅटलॉग आहे. बोल्ट, ड्रिलचे बिट, ग्राइंडरच्या चकत्या, तेवढी पानं ग्रीसनं काळी. त्याच्या पुढं आम्ही कोणी कधी गेलोच नाही. शेवटाकडची पानं अजून एकमेकाले चिकटलेली. नखानं सोडवली. एक अख्खं पान निघालं: चष्मे, हातमोजे, अन् प्रेसले लावायच्या जाळ्या, फाटकं, बटणं.
घेतला तेव्हापासून फळीवर आहे हे पान.
फोन लावला. बाई बोलली, कॅटलॉग जुना झाला, आता सारं साइटवर पाहा.

७ मे
साइट सारी इंग्रजीत. आयटीआयचं इंग्रजी किती पुरते. मापं मागते, म्हणून टेप घेऊन शेडमध्ये गेली. टेबल मोजलं. पायडलपासून उंची मोजली. मधली जागा, जिथं हात जातो, ती मोजायले हात आत घालावा लागते. मशीन बंद, लाइट काढलेली, तरी घालवेना. बाहेरूनच पट्टी लावून अंदाजे घेतलं.
एका चित्रात माणूस दोन हिरव्या बटणांवर दोन्ही हात ठेवून उभा, हसून राह्यला. दोन्ही हात बटणावर असले तं प्रेसखाली जाईल कोणता हात? मले पटलं. ते मागवलं.
फुलसावंगीचा पिन टाकला की लाल अक्षरं येत, तिथं माल पोचत नाही म्हणून. महागावच्या ओळखीच्या बियाणेवाल्याच्या दुकानाचा पत्ता टाकला, तेव्हा घेतलं.
सोनूच्या पप्पाले सांगितलं नाही अजून.

९ मे
सकाळी शोभा आली, काम पाहून जाते म्हणे. पदर खोचून, चप्पल काढून स्टुलावर बसली पण. सोनूचे पप्पा तिले सांगून राह्यले: पास अशी सरकवायची, हात काढायचा, मग पाय. ती मान हलवून राह्यली. मले ताईची पाठ दिसली. तसंच बसायच्या.
शोभा सोमवारपासून येते म्हणाली.
ती गेली अन् हे चहाले गेले, तेवढ्यात मी पायडलची पिन काढली. बोटाएवढी पिन, पण तिच्याशिवाय पायडल नुसतं हलते, मशीनचा दट्ट्या खाली पडत नाही. तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी घातली.
 

१० मे
कळलं त्यायले.
"पिन कुठी आहे?"
"आहे."
"घरात चालते का हे असं? काहून केलं?"
मी म्हटलं, सामान मागवलं आहे, ते येऊ द्या, लावू द्या, मग स्वतःच्या हातानं पिन बसवून देते. तोवर शोभाले बसवायचं असलं तं आधी मले बसवा.
ओरडतील वाटलं. ओरडले नाहीत. ओट्यावर बसले. म्हणाले, "तुले वाटते मले काही वाटत नाही. त्या दिवशी तू ताईले धरून रिक्षात बसली होती. बोटं कोणं शोधली? प्रेसखाली पासायमधून मीच उचलली नं. रुमालात. डॉक्टरनं पाह्यली अन् म्हणे आता उपयोग नाही. मग तो रुमाल घेऊन मी कुठी जाऊ, ते कोणी सांगितलं नाही मले."
 मले हे माहीतच नव्हतं. विचारलंही नाही की मग कुठं…

१२ मे
बुद्ध पौर्णिमा. ताई विहारात येते म्हणाल्या. पांढरी साडी मी नेसवून दिली, निऱ्या त्यायले एका हातानं जमत नाहीत. वंदनेले हात जोडले, एक तळवा अन् एक पट्टी. साऱ्या बाया समोर पाह्याचं सोडून तिकडंच.
येताना म्हणाल्या, "शोभाले बसवून राह्यले म्हणते. खरं आहे का?"
"नाही ताई. थांबवलं."
"कोणं?"
"मी."
 घर येईपर्यंत चांगल्या हातानं माझं मनगट धरून चालल्या.

१४ मे
नागपूरहून फोन. दुकानातलेच एक म्हातारे गृहस्थ, ऑर्डर पाठवायच्या आधी विचारून घेतो म्हणे.
"ताई, मशीन पायानं चालते का?"
हो म्हटलं.
"मग बटणं कायले मागवता? तुमची मशीन एकदा सुटली की खाली येऊनच थांबते. बटणावर दोन हात ठेवले, सोडले, अन् आत घातले तरी ती येणारच. तुम्हाले फाटक लागते. पाय दाबला की आधी फाटक खाली येईल. मधात हात असला तं ते अडकेल, अन् ते अडकलं तं मशीन पडणार नाही."
मी म्हटलं, साइटवर कुठी आहे ते?
नाही म्हणे साइटवर. कॅटलॉगात होतं, कोणी घेत नाही म्हणून काढलं. राजकोटच्या कारखान्याले विचारतो. मग हळूच, "कोणाचा हात गेला?"
नणंदेचा, म्हटलं. ते मग म्हणाले, "पाठवतो. मापं नीट घ्या यावेळी. फोटो पाठवा."
मापं घ्यायले सोनूचे पप्पा स्वतः आले. आतलं माप त्यायनं घेतलं. मी टेपचं दुसरं टोक धरलं.

१९ मे
वाट पाहणं. अंबोड्याहून एक शेतकरी आला पासा न्यायले, नाही म्हटल्यावर महागावले गेला. दुसराही तसाच. दुपारी शेडमधून ड्रिलचा आवाज आला. एकेका पासेले ड्रिलनं भोकं पाडून राह्यले. प्रेसवर चुटकीसरशी व्हायचं ते. खांदे धरले आहेत त्यायचे.
ताईचे टाके निघाले. पट्टी सोडली तेव्हा मी खिडकीकडं पाह्यलं. ताईनं हात डोळ्याजवळ नेऊन नीट पाह्यला, उलटा केला, पुन्हा पाह्यला. मग डॉक्टरले म्हणाल्या, "याले थंडी वाजते, बोटायले. नसलेल्या." डॉक्टर म्हणे होते असं.

२४ मे, शनि.
बियाणेवाल्याचा फोन, खोकं आलं. दोघंही मोटारसायकलनं महागावले गेलो. तिथंच दुकानासमोर फोडलं, दम निघेना. फाटक आहे, पण आमच्या मशीनपेक्षा मोठं. पट्टीची भोकं जुळत नाहीत. अन् फाटक पायडलले जोडायची दांडीच नाही आत.
नागपूरच्या काकाले फोटो पाठवले. ते म्हणाले, दांडी राजकोटवाल्यायनं वेगळी ठेवली असेल, मागवतो. वेळ लागेल. परत करायचं असलं तं करा.
सोनूच्या पप्पाले म्हटलं, काय करायचं?
"घरी नेऊ," म्हणाले. खोकं मधात घेऊन बसली. सारा रस्ता पाठीले टोचलं त्यायच्या.

२६ मे
दोन दिवस फाटकाच्याच मागं. नवी भोकं पाडली, पट्टी कापली, दांडी घरच्याच सळईची केली. मी डाळीतून पिन काढून दिली.
ताई पहिल्यांदा शेडमध्ये आल्या. उंबऱ्यावर बसूनच सांगून राह्यल्या: "अजून खाली घे. मी पास सरकवायची तेव्हा मनगट इथपर्यंत जाये." चांगला हात पुढं करून दाखवला.
हाताच्या जागी ज्वारीचा धांडा, वाळलं ताट, आत धरला अन् सोनूच्या पप्पानं पाय दाबला. फाटक धांड्यावर येऊन अडकलं. मशीन नाही पडली. पुन्हा. पुन्हा. मी हसली, हे पण हसले. किती दिवसानं.
मग एकदा फाटक धांड्यावर आपटून जरासं उसळलं, अन् मशीन पडली. धांडा कट्. तुकडा माझ्या पायाजवळ.
पुन्हा लावून पाह्यलं, तं बरोबर. कितीक वेळ बरोबर.
"एकदाच झालं," सोनूचे पप्पा म्हणाले. "घरची दांडी आहे, थोडी ढिली. नाहीतं…"
"माझंही एकदाच झालं," ताई म्हणाल्या.
रागानं नाही. जसं भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं. अन् उठून घरात गेल्या.
यायनं लाइट बंद केली, पिन काढली, पुसली अन् मी मागायच्या आधीच माझ्या हातात दिली.

१ जून
दांडीचं काही नाही. काकाले रोज फोन. ते पण कंटाळत नाहीत, म्हणतात, मी पण त्यायले रोज करतो ताई. आभाळ भरून येते अन् जाते. शोभा दोनदा विचारून गेली. तिलेही काम पाहिजे, तिच्या जागी मी असती तं मीही आली असती.
ताई डाव्या हातानं भाकर थापायले बसल्या. फाटली. पुन्हा थापली. मी मधात पडली नाही.

५ जून
दांडी आली. लहानशी, कागदात गुंडाळलेली, सोबत स्प्रिंग. स्प्रिंगमुळं फाटक उसळत नाही. आपल्याले ते कळलंच नव्हतं.

७ जून, शनि.
पिन मी माझ्या हातानं बसवली. सारी सकाळ धांडे. शेडमध्ये धांड्यायचा ढीग, एकही कापला गेला नाही. जोरात दाबून पाह्यलं, हळू दाबून, अर्धवट दाबून. फाटक अडकते, मशीन थांबते. काकाले कळवलं. म्हणाले, तरी रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी एक धांडा घालत जा.
मग खरी पास लावून पाहायची म्हणून सोनूचे पप्पा स्टुलावर बसले. पास सरकवली. हात काढला, मांडीवर ठेवला. पाय पायडलवर.
मी दाराजवळ उभी. ताई उंबऱ्यावर.
पाय दाबेना. मले वाटलं काही अडकलं. जवळ जाऊन पाह्यलं तं अडकलं काहीच नव्हतं. घाम मानेवरून शर्टात जाऊन राह्यला. समोरच्या फाटकाकडं पाहून राह्यले नुसते. धांड्यायले बरोबर दाबत होते नं इतका वेळ.
"जरा वेळानं," म्हणाले. उठले नाहीत पण.
ताई आत आल्या. भावाच्या खांद्यावर हात ठेवला, तोच, उजवा. "उठ विलास. सोमवारी मी बसते."
त्यायनं माझ्याकडं पाह्यलं. ताईनंही माझ्याकडं पाह्यलं. मी हो म्हणू की नाही…
तेवढ्यात बाहेरून शोभाचा आवाज आला, वहिनी, आहे का काही काम.
मी बाहेर गेली. तिले म्हटलं, बस, चहा ठेवते.