बिनशिट्टीचं वरण

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज एका टोस्टरपायी लिहायला बसलेय. हसू नका हं!

सकाळी इरा, तुमची नात, नाश्ता करत होती. टोस्ट फटकन वर उडायच्या आत तिने खटका हाताने उचलला आणि ब्रेड हळूच काढून घेतला. असं का गं, विचारलं तर म्हणते, "सो यू डोन्ट जम्प, मॅम." नऊ वर्षांची पोर! इथे परदेशात आईला मॅम आणि कपाटाला प्रेस म्हणतात, त्या प्रेसचं दारसुद्धा हल्ली ती हलकेच लावते. मला आई आठवली.

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये प्रत्येक खिडकीतून कुकरच्या शिट्ट्या यायच्या. कुकर नव्हता फक्त आपल्या घरात. "ह्यांना पातेल्यातलंच वरण आवडतं," असं आई सगळ्यांना सांगायची, आणि मीही ते खरं मानलं. डाळ रटरट शिजायची आणि मी भुकेने आईच्या मागे भुणभुण करायचे.

तुमच्या मालगाडीसमोर एक माणूस येऊन उभा राहिला होता. तुम्ही शिट्टी दाबून धरलीत, पण तो हलला नाही. भरलेली मालगाडी काय जागच्या जागी थांबते? हे सगळं मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तुमच्याकडून कधीच नाही. काही दिवसांनी तुम्ही परत ड्यूटीवर गेलात. मग शेजारची शिट्टी झाली की तुमच्या हातातला चहा हिंदकळायचा आणि तुम्ही आमच्यावरच डाफरायचात. आत्या म्हणायची, "आमच्या घराण्याचं रक्तच गरम!" झालं, विषय संपला.

बाबा, गेल्या हिवाळ्यात लिक्सलिपला कामावर जाताना माझ्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं. हाडं जुळली, पण दचकणं काही जाईना. डॉक्टरीणबाई फार गोड आहेत, सारखं "यू आर ग्रँड", म्हणजे तू अगदी ठीक आहेस, असं म्हणत असतात. त्यांनी मला समजावलं की मेंदूत एक भाग घाबरतो आणि कपाळामागचा दुसरा त्याला म्हणतो, अरे, गेलं ते, आता शांत हो. माझ्यासारख्यांच्यात त्या दोघांचं बोलणंच नीट होत नाही. एकट्याच्या स्कॅनवरून ठरत नाही म्हणे, पण खूप जणांचे एकत्र पाहिले की दिसतं. आणि थोडा धोका जन्माबरोबरही येतो, बारीकबारीक जीन्समधून. पण ते काही विधिलिखित नव्हे, हेही त्यांनी बजावलं.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं?"

मी ताडकन म्हणाले, "छे, कुणालाच नाही!"

बघा ना, मला खरंच तुम्ही आठवला नाहीत. आपल्याकडे त्याला आजार कुठे म्हणायचे, स्वभाव म्हणायचे!

पण तुम्ही तरी का नाही हो बोललात? तो माणूस रोज दिसायचा का? आईला तरी सांगितलंत का? मी मोठी झाले होते, मला सांगायचंत. आता मला कळलं असतं. फार वाटतं, एकदा क्वार्टरच्या पायरीवर तुमच्या शेजारी बसावं, कुठेतरी शिट्टी व्हावी, आपण दोघं एकदम दचकावं आणि एकमेकांकडे बघून हसावं. एवढंच हवंय. फार मागतेय का?

रक्तातून इराकडे काय गेलंय, ते मला ठाऊक नाही. पण घर गप्प ठेवायला ती माझ्याकडे बघून शिकलीय, आणि ते मी पुढे जाऊ देणार नाही.

आज संध्याकाळी कुकर लावणार आहे. इराला आधी सांगेन, आता शिट्टी होईल, आई दचकेल, तू काही करू नकोस, नुसती जवळ बस. आणि वरण शिजेपर्यंत तिला तुमची सगळी गोष्ट सांगेन. उद्या डॉक्टरीणबाईंना फोन करून म्हणेन, तुम्ही विचारलं होतंत ना, घरात आणखी कुणाला? हो, माझ्या बाबांना.

तुमचीच,
मनू